‘कोई शक?’ नंतरची शांतता



बडोद्याच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे आणि आजचा भाग त्यावरच घ्यायचं मी ठरवलं आहे. ताई तिथल्या एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत आहेत. मंडळाची जुनी वास्तू पाडून नवी बांधायची की आहे तीच दुरुस्त करायची, यावर त्यांच्या चार बैठका झाल्या. दर बैठकीत अध्यक्ष विचारतात, "कुणाला काही म्हणायचंय?" कुणी काही म्हणत नाही. चहा होतो, बैठक संपते. मग खाली स्कूटरी काढता काढता हीच मंडळी अर्धा तास बोलतात. तिथे कळतं की निम्म्या लोकांना प्रस्ताव पटलेलाच नाही. मंडळाची आजवरची सगळी शिल्लक या कामात जाणार आहे. ताई विचारतात, वर गप्प बसणारी माणसं खाली कशी बोलतात?

हा प्रश्न फक्त बडोद्याचा नाही. इंदूर, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली, जिथे जिथे आपली मंडळं, सोसायट्या आणि ट्रस्ट आहेत तिथे हेच चाललेलं असतं. फौजेतही असतं. तुम्हाला वाटेल फौजेत कसली चर्चा, तिथे तर हुकूम! त्याबद्दल पुढे बोलतो.

फौजेत कुठल्याही ब्रीफिंगच्या शेवटी एक प्रश्न हमखास येतो. नकाशावर काठी फिरवून झाली, वेळा सांगून झाल्या, की सांगणारा अधिकारी विचारतो, "कोई शक?" समोरून एका सुरात उत्तर येतं, "नहीं साब!" मी हे उत्तर हजारो वेळा ऐकलं आहे आणि सुरुवातीच्या वर्षांत हजारो वेळा दिलंही आहे. त्या एका उत्तरात तीन तऱ्हेची माणसं असतात. एकाला सगळं खरोखर समजलेलं असतं. दुसऱ्याला अर्धं समजलेलं असतं, पण आत्ता विचारलं तर सगळ्यांची जेवणाची वेळ जाईल म्हणून तो गप्प असतो. तिसऱ्याला योजनेतली एक चूक दिसलेली असते, पण ती दाखवणं आपलं काम नाही असं त्याला वाटतं. समोर उभं राहिलं की तिघांचा आवाज सारखाच येतो. खरी अडचण ती आहे.

तिसरा माणूस गप्प का बसतो? आपण लगेच म्हणतो, हिंमत नाही. मला ते पटत नाही. गोळीबारात पुढे जाणारी माणसं मी बैठकीत मान खाली घालून बसलेली पाहिली आहेत. हिंमतीचा प्रश्न असता तर ती कशी गप्प बसली असती?

१९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने काही साधे प्रयोग केले. एका खोलीत सातआठ विद्यार्थी बसवायचे आणि त्यांना दोन पत्रे दाखवायचे. एका पत्र्यावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी कुठली रेघ पहिलीएवढी लांब आहे ते सांगायचं. लहान मुलालाही जमेल असं काम. गंमत अशी की एक सोडून बाकीचे सगळे विद्यार्थी अ‍ॅशचेच होते आणि ठरलेल्या वेळी ते सगळे मिळून ठामपणे चुकीचं उत्तर द्यायचे. बिचाऱ्या खऱ्या विद्यार्थ्याची पाळी शेवटी-शेवटी यायची. अशा वेळी साधारण तीनातलं एक उत्तर बहुमताच्या बाजूने चुकीचं आलं. ध्यानात घ्या, ही माणसं एकमेकांच्या ओळखीची नव्हती, कुणी कुणाचा साहेब नव्हता, खरं बोलल्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मग ज्यांच्याबरोबर वीस वर्षं गणपती बसवायचा आहे, ज्यांच्या मुलीच्या लग्नाला जायचं आहे, अशा लोकांत बसून वेगळं बोलणं किती जड जात असेल!

त्या प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅशने त्या ठरवलेल्या मंडळींतल्या एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. एकच माणूस. तेवढ्याने चुकीच्या उत्तरांचं प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास खाली आलं. म्हणजे माणसाला गप्प बसवतं ते आपण एकटे आहोत हे वाटणं. समोर बहुमत असतंच, पण शेजारी एक जण असला तरी जीभ सुटते. बडोद्याला स्कूटरपाशी हेच होतं. तिथे एक जण कुरकुर करतो, दुसऱ्याला धीर येतो आणि मग सगळेच सुटतात.

आता गप्प बसण्याची किंमत किती असू शकते ते पाहू. २७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा छोटा विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून मोठमोठी विमानं इकडे वळवलेली. त्यात धुकं. केएलएम कंपनीचं जम्बो धावपट्टीच्या एका टोकाला उभं होतं आणि पॅन अ‍ॅमचं जम्बो त्याच धावपट्टीवरून समोरून येत होतं. केएलएमचा कप्तान त्या कंपनीतला अतिशय अनुभवी वैमानिक, जम्बोवर इतर वैमानिकांना शिकवणारा. कामाच्या तासांची मर्यादा संपत आली होती, त्याला निघायची घाई होती. उड्डाणाची परवानगी मिळण्याआधीच त्याने विमान पुढे काढलं. कॉकपिटमध्ये मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरचं बोलणं ऐकून शंका आली. समोरचं विमान अजून बाजूला झालेलं नाही का, असं त्याने विचारलं. कप्तानाने ठासून सांगितलं, झालंय. फ्लाइट इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. काही सेकंदांत दोन विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली.

ज्याला शंका आली तो माणूस नवखा नव्हता, भित्राही नव्हता. त्याने विचारलंसुद्धा. पण त्याने ते प्रश्नाच्या रूपात विचारलं, उत्तर ठाम आलं आणि दुसऱ्यांदा विचारण्याची जागा राहिली नाही. या आणि अशा काही अपघातांनंतर विमान कंपन्यांनी आपलं प्रशिक्षणच बदललं. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि पुढच्या काही वर्षांत ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ नावाचं शिक्षण सुरू झालं. त्यात कनिष्ठाला स्पष्ट बोलायला शिकवतात आणि त्याबरोबर कप्तानाला विचारायला आणि ऐकायला शिकवतात. आपल्याकडे मात्र पहिल्याच अर्ध्या भागावर भर असतो. ‘मोकळेपणाने बोला’ असं सांगायचं आणि लोक बोलले नाहीत की लोकांनाच दोष द्यायचा.

मग करायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी बोलण्याचा क्रम बदलायचा.

फौजेतल्या कोर्ट मार्शलबद्दल तुम्ही ऐकलं असेल. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात. आरोपी दोषी आहे की नाही, शिक्षा काय द्यायची, यावर प्रत्येकाने तोंडी मत द्यायचं असतं. गप्प बसायची सोय नाही. हे मत कुणापासून घ्यायचं, हे आर्मी रूल्स १९५४ मध्ये लिहून ठेवलेलं आहे: हुद्द्याने सर्वांत कनिष्ठ असेल त्याच्यापासून. कारण उघड आहे. ब्रिगेडियर साहेब आधी बोलले की कॅप्टनचं मत तिथेच संपतं. जी फौज वरून खाली हुकूम देण्यावर चालते, तिनेच जिथे एका माणसाचं आयुष्य पणाला लागतं तिथे बोलण्याचा क्रम खालून वर ठेवला आहे. आपल्या मंडळात काय होतं? अध्यक्ष पंधरा मिनिटं प्रस्तावाचे फायदे सांगतात, मग सचिव त्याला दुजोरा देतात, मग खजिनदार आकडे वाचतात आणि मग इतरांना विचारलं जातं. तोपर्यंत विरोध करणं म्हणजे तीन वडीलधाऱ्यांना खोटं पाडण्यासारखं झालेलं असतं.

एक प्रसंग सांगतो. उंचावरच्या एका पोस्टवरून गस्त पाठवायची होती. बर्फाचे दिवस. वाळू-मातीचं सँड मॉडेल करून त्यावर वाट आखली होती. सगळं सांगून झाल्यावर आमच्या सुभेदार साहेबांनी ‘कोई शक’ विचारलंच नाही. त्यांनी सगळ्यात तरुण जवानाकडे काठी दिली. पोरगा गढवालचा, डोंगरातलाच. त्याला म्हणाले, "बेटा, ही गस्त फसली असं समज. कुठे फसली ते दाखव." पोरगा थोडा घुटमळला, मग त्याने काठी एका उतारावर ठेवली. म्हणाला, दुपारी इथे ऊन थेट पडतं, परतताना हा उतार नको. आमच्या वेळापत्रकात परतीची वेळ नेमकी दुपारची होती. निघायची वेळ पहाटे तीनवर आणली. गस्त गेली आणि दहाच्या आत परत आली. तिथे बर्फ घसरलं वगैरे काही नाही, सिनेमासारखं काही घडलं नाही. पण त्या दिवसापासून त्या पोस्टवर प्रत्येक ब्रीफिंगनंतर काठी कुणाला मिळणार, याची पोरं वाट बघू लागली.

सुभेदार साहेबांनी तिथे दोन गोष्टी केल्या. क्रम उलटा केला, ही एक. दुसरी म्हणजे प्रश्न बदलला. "काही शंका आहे का?" या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर सोपं असतं. "हे फसलं तर कशामुळे फसेल?" या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून चालतच नाही. शिवाय चूक काढायचं कामच सोपवलं, त्यामुळे चूक काढणं हा उद्धटपणा राहिला नाही. मंडळात हे असं करता येईल: "समजा नवी वास्तू बांधली आणि तीन वर्षांनी आपल्याला पश्चात्ताप झाला, तर तो कशाचा असेल? प्रत्येकाने कागदावर एक कारण लिहा." पाच मिनिटं लिहायला द्या. नावं नकोत. चिठ्ठ्या गोळा करून मोठ्याने वाचा. स्कूटरपाशी निघणारं सगळं त्या चिठ्ठ्यांत वर येईल.

इथपर्यंतचं तंत्र सोपं आहे, कुणीही करू शकेल. पुढचं मात्र माणसाच्या स्वभावाशी येतं. लोक अध्यक्षांच्या आमंत्रणावर विश्वास ठेवत नाहीत. आधी जो वेगळं बोलला त्याचं पुढे काय झालं, ते बघतात. तो पुढच्या समितीत होता का? त्याला ‘विघ्नसंतोषी’ म्हटलं गेलं का? सहलीच्या यादीतून त्याचं नाव गळलं का? एवढ्यावरून पुढची दहा वर्षं कोण बोलणार आणि कोण नाही, हे ठरतं.

याचं एक मोठं उदाहरण आपल्या संविधान सभेत आहे. १३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. सभेत काँग्रेसचं प्रचंड बहुमत होतं. मुस्लिम लीग बहिष्कार घालून बाहेर होती आणि संस्थानांचे प्रतिनिधी अजून आलेले नव्हते. बॅरिस्टर मु. रा. जयकरांनी दुरुस्ती सुचवली की हे लोक येईपर्यंत ठराव मंजूर करणं थांबवावं. भारलेल्या वातावरणात हे बोलणं किती अप्रिय असेल, कल्पना करा. १७ डिसेंबरला अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक डॉ. आंबेडकरांचं नाव पुकारलं. त्यांच्या आधी वीसेक वक्ते होते, आपली पाळी इतक्यात येईल असं त्यांना वाटलं नव्हतं आणि तसं त्यांनी सभागृहात सांगितलंही. ते बंगालमधून निवडून आलेले आणि काँग्रेसचे कडवे टीकाकार होते. त्यांनी जयकरांची बाजू घेतली.

ते कसे बोलले, हे शिकण्यासारखं आहे. आधी आपण कुठे सहमत आहोत ते त्यांनी सांगितलं: देश एकसंध राहावा, केंद्र मजबूत असावं. मग म्हणाले, हा ठराव मंजूर करायचा सभेला हक्क आहे की नाही, हा प्रश्नच नाही. तो आत्ता मंजूर करणं शहाणपणाचं आहे का, एवढाच प्रश्न आहे. कुणाच्या हेतूवर शंका नाही, कुणाला खोटं पाडणं नाही. सभागृहाने ते ऐकून घेतलं. आणि ऐकून घेतलं म्हणजे नुसत्या टाळ्या वाजवल्या असं नव्हे. ठरावावरचा विचार खरोखरच पुढच्या अधिवेशनावर ढकलण्यात आला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी तो मंजूर झाला.

त्या वेगळं बोलणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं? फाळणी ठरल्यावर आंबेडकरांची बंगालमधली जागा गेली. तेव्हा त्याच राजेंद्रप्रसादांनी मुंबईच्या बाळासाहेब खेरांना पत्र लिहून आंबेडकरांना मुंबईतून निवडून आणायला सांगितलं. जागा रिकामी झाली होती ती जयकरांची. ऑगस्ट १९४७ मध्ये आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. राजकारणाची इतर कारणंही त्यात असतील, ती असतातच. पण बहुमताविरुद्ध उभा राहिलेला माणूस नऊ महिन्यांच्या आत सगळ्यात महत्त्वाच्या कामावर बसला, हे सगळ्या सभेने पाहिलं. मी राहतो त्या महूत आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील इथेच लष्करात सुभेदार होते. १४ एप्रिलला इथे देशभरातून माणसांची रीघ लागते. त्या गर्दीकडे बघताना मला कधी कधी ते १७ डिसेंबरचं भाषण आठवतं. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आता हुकमाची गोष्ट. चर्चा आणि निर्णय या दोन वेगळ्या वेळा आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या तर दोन्ही चांगल्या होतात. फौजेत निर्णयाआधी सीओ साहेबांसमोर कंपनी कमांडर तावातावाने भांडू शकतो. निर्णय झाला की तीच योजना तो आपल्या जवानांसमोर स्वतःची म्हणून मांडतो. ‘मी तर नको म्हणत होतो’ हे वाक्य तिथे चालत नाही. आणि ते चालत नाही म्हणूनच आधीच्या भांडणाला परवानगी असते.

हेच अगदी वेगळ्या वाटेने गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या शंभरेक घरांच्या गोंड गावाने साधलं आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात कुणीही यावं, बाहेरच्यानेही यावं, हवं ते बोलावं. मात्र तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. वेळ लागतो. पण २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातलं अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणजे हे गाव, तेव्हा ‘एवढी चर्चा करून काय होतं’ असं म्हणायची सोय उरत नाही. अभ्यास गटात माणूस मोकळा का बोलतो? कारण त्याच्या बोलण्याने तिथे लगेच कुणी जिंकत किंवा हरत नाही. आज मांडलेलं मत उद्या बदलता येतं आणि त्यात कमीपणा नसतो.

तेव्हा बडोद्याच्या ताई, तुम्ही अध्यक्ष नाही, हे मला माहीत आहे. तरी दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. पहिली, वास्तूचा विषय दोन बैठकांत घ्यावा असं लेखी सुचवा: एकीत फक्त बोलायचं, मत घ्यायचंच नाही, पंधरा दिवसांनी दुसरीत ठरवायचं. याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. दुसरी, खाली सगळ्यात जास्त बोलणारे जे एकदोघे आहेत त्यांना आदल्या दिवशी फोन करा आणि सांगा, "काका, तुम्ही हे वर म्हणालात तर तुमच्या मागोमाग मी बोलेन." पहिला विरोधक व्हायला मोठी छाती लागते. दुसरा व्हायला तेवढी लागत नाही, आणि अ‍ॅशच्या प्रयोगात पाहिलंत, दुसऱ्यानेच खोलीतली हवा बदलते. अध्यक्षांनाही आधी भेटा. त्यांना कोंडीत पकडलं असं वाटलं तर चर्चा तिथेच संपेल.

जाता जाता उलट बाजूचंही सांगायला हवं. काही मंडळांत अडचण शांततेची नसते, दोनच माणसं सगळा वेळ खातात. त्यात आम्ही निवृत्त अधिकारी पहिल्या रांगेत! अशांना गप्प बसा म्हणण्यात अर्थ नाही. त्यांना काम द्या. आमच्या इथल्या एका बैठकीत सगळ्यात जास्त बोलणाऱ्या कर्नल साहेबांना इतिवृत्त लिहायला बसवलं. लिहिणाऱ्याला ऐकावं लागतं. इतिवृत्तात ‘चर्चेअंती ठराव संमत’ एवढंच न लिहिता कोणते आक्षेप आले आणि त्यांचं काय केलं, ते दोन-दोन ओळींत लिहायचं ठरलं. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच: मागच्या वेळच्या आक्षेपांचं काय झालं. चांगल्या पलटणीत सैनिक संमेलनाची सुरुवातही अशीच होते. मागच्या वेळी जवानांनी जे पॉइंट उचलले त्यांवर काय कारवाई झाली ते आधी वाचून दाखवतात, अगदी ‘लंगरमधल्या पाण्याच्या नळाची तोटी बदलली’ इथपर्यंत. ज्याने तोटीचा पॉइंट उचललेला असतो तो मागच्या रांगेत मान ताठ करून बसलेला दिसतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर असे विषय चर्चेला घेऊ नका, एवढंच म्हणेन. तिथे क्रम नसतो, चेहरा नसतो आणि अंगठा दाखवला म्हणजे हो की ‘वाचलं’, हे कुणालाच कळत नाही. बैठकीची तारीख कळवायला तो उत्तम.

इतिवृत्त नीट कसं लिहायचं, हे बऱ्याच जणांनी विचारलं आहे. ते पुढच्या भागात. जय हिंद.